पान १४७

"माणूस आपल्यातलाच आहे," बंडूदादा म्हणाले. पान १४७ च्या समासात पेन्सिलीनं ‘दिवाणच खुनी’ लिहून खाली दोन रेघा ओढणारा बाहेरचा असूच शकत नाही, कारण पुस्तक बाहेरच्याला दिलेलंच नाही.

"निपाणीला गेलेलं की," यल्लाप्पा म्हणाला.

"निपाणी बाहेर काय रे?"

"मला नको विचारूस. ते २००४ पासून सुप्रीम कोर्टात हाय."

दुसऱ्या रेल्वे गेटाजवळचा आमचा कट्टा, रविवारची सकाळ, वरून बेळगावी झिमझिम. असल्या पावसात छत्री उघडली तर लोक हसतात आणि नाही उघडली तर भिजायला होतं. कादंबरी कुठली ते सांगायला नको. टिळकवाडीपासून वडगावापर्यंत या पावसाळ्यात जो तो तीच वाचतोय, निदान वाचली म्हणून सांगतोय. १८५८ साली नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे इंग्रजांवर उठले आणि सुरेबानच्या मुक्कामी मॅन्सन या इंग्रज साहेबाला मारलं, हे आपल्याकडं सगळ्यांच्या कानावरून गेलेलं. त्याच्या तीन रात्री आधी रामदुर्गात विहिरीत सापडलेला जासूद मात्र लेखकाच्या डोक्यातला. त्याला कुणी मारलं, या एका प्रश्नावर तीनशे वीस पानं ओढलीत. मी म्हणेन, चांगली ओढलीत. सर म्हणतात, उगाच ओढलीत. पण सरांचं नंतर.

प्रत बंडूदादांची. कडोलीच्या साहित्य संमेलनात स्टॉलवर घेतलेली, घरी नेऊन खाकी कव्हर घातलेली. जन्म बँकेत गेला, त्यामुळं शेवटच्या कोऱ्या पानावर पट्टीनं रकाने आखलेत: नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, सही, शेरा. पुस्तक नेलं की आठव्या दिवशी सकाळी फोन येणार, "कुठवर आलंय?" शहापुरातल्या एकानं भाबडेपणानं सांगितलं, "मॅन्सन मेला बघा काल रात्री." त्यावर दादा केवढे कडाडले! "मला सांगू नकोस, मी अजून वाचायचोय!" मॅन्सन १८५८ सालीच मेलाय, हे त्यांना समजावणार कोण?

होय, वाचायचे होते ते. विकत घेतलं त्या दिवसापासून पुस्तक इतक्या जणांनी मागितलं की मालकाचा नंबर लागलाच नाही. मधे ते निपाणीला मेहुणीकडं गेलं, तिथून तिच्या नणंदेकडं कोल्हापूरला. तेवढ्यात डिसेंबर उजाडला, सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं, नेहमीची दगडफेक, काळं फासणं, आणि बस सीमेवरच्या कोगनोळीच्या पलीकडं येईनात. पुस्तक कोल्हापुरात अडकलं. शेऱ्याच्या रकान्यात दादांनी लिहिलंय, ‘विलंबाचे कारण: सीमावाद.’ शेवटी एका ओळखीच्या कंडक्टरनं ते कुंद्याच्या रिकाम्या डब्यातून आणून दिलं. पानांना अजून तुपाचा वास आहे. मग पुन्हा गावातली रांग सुरू झाली, आणि ती संपवून एकदाचे दादा वाचायला बसले, तर १४७ वर हे.

"अजून एकशे त्र्याहत्तर पानं होती रे माझी," दादा म्हणाले. आवाज असा, की मुदतठेव बुडाली.

इथं एक सांगून ठेवतो. आमच्यातल्या ज्यांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं होतं, म्हणजे सुधाअक्का, यल्लाप्पा आणि मी, आम्ही तिघं एकमेकांकडं न बघता चहा पीत होतो. का, ते पुढं कळेल. तोंड उघडायची सोय नव्हती.

पहिला संशय गणूवर. संशय म्हटलं की आमच्या कट्ट्यावर गणूच. मागच्या गणपतीत वर्गणीची पावतीपुस्तकं हरवली तेव्हाही तोच होता, आणि ती नंतर अध्यक्षांच्याच गादीखाली सापडली, तरी कुणी त्याची माफी मागितलेली मला आठवत नाही. गणूचं झेरॉक्सचं दुकान आहे. तो म्हणाला, "दादा, मी आणि पेन्सिल? आमच्याकडं टोनर असतंय."

"पण पुस्तक तुझ्याकडं आठवडाभर होतं."

"वाचायला नव्हतं ओ. स्कॅनिंगला होतं."

चहावाल्यानं गॅस बारीक केला. दादांना पीडीएफची गोष्ट आजवर कुणी सांगितलेलीच नव्हती. अख्ख्या गावाच्या फोनवर ती फिरत होती आणि मालक रकाने आखत बसले होते.

"तू माझं पुस्तक उलगडून काचेवर पालथं घातलंस?"

"हलक्या हातानं घातलं."

"गण्या, हा गुन्हा आहे. सत्तावन्न सालचा कायदा आहे. लेखक जिवंत असेपर्यंत, आणि मेल्यावर साठ वर्षं, हक्क त्याचा. लेखक अजून ठणठणीत आहे!"

"सत्तावन्नच्या कायद्यानंच बाबासाहेब पेटला," यल्लाप्पा म्हणाला. "तो अठराशे सत्तावन्नचा, हत्यारं जमा करायचा होता. आता झेरॉक्सचा."

गणूला एरवी कुणी बोलू देत नाही, पण त्या दिवशी तो बोलला, आणि बरं बोलला. "दादा, तुमच्या शेवटच्या पानावर किती नावं हायत? चाळीसच्या वर. चाळीस जणांनी वाचलं, लेखकाला पैसे मिळाले एकाचे. मग एकटा मी कसा चोर? तुमच्या चोरीला रकाने हायत एवढंच."

दादा गप्प. खरं तर मीही गप्प. याला उत्तर सोपं नाही. दीडदोनशे घरांतून पुस्तक फिरतं, आणि प्रकाशकाकडं विचारलं तर आवृत्ती पडून आहे म्हणतो.

अक्कांनी पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर काढून पुन्हा आत रचल्या. अक्का शाळेतून निवृत्त झालेल्या. कट्ट्यावर बायका बसत नाहीत, अक्का बसतात. चहावाला त्यांच्या वर्गात होता, तो त्यांचं स्टूल दुसऱ्या कुणाला देत नाही. म्हणाल्या, "असं म्हणशील तर गणपत गल्लीत सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून चोऱ्याच करतंय म्हण. आम्ही तिथंच वाढलो. एका प्रतीची पानं सुटेपर्यंत वाचायची, मग यल्लाप्पाच्या बापाकडं शिवायला, मग पुन्हा सुटेपर्यंत. पण असं वाचून वाचून आम्ही विकत घेणारे झालो. ही कादंबरी मी बंडूची वाचली, आणि वाचल्यावर तीन घेतल्या. एक कराडच्या बहिणीला, दोन लग्नात आहेर म्हणून."

"लग्नात खुनाचं पुस्तक?"

"नवरानवरीला आधीपासून माहिती असावी."

"पण अक्का, माझ्यामुळं पण वाचलंच की लोकांनी," गणू म्हणाला. "दोनशे जण हायत ग्रुपवर. सगळ्यांनी उतरवून घेतलंय."

इथं यल्लाप्पानं ग्लास खाली ठेवला. यल्लाप्पाबद्दल थोडं सांगायला हवं. मागच्या गल्लीत बायंडिंगचं दुकान, घरी कन्नड, मूळगाव सुरेबानजवळ. मराठी वाचायला शिकला तो वाचनालयांची फाटकी पुस्तकं शिवून. न वाचता शिवलं तर फरमे मागंपुढं होतात, म्हणतो, म्हणून आधी वाचतो, मग शिवतो. माझ्या माहितीत या गावात इतकं मराठी वाचलेला दुसरा माणूस नाही. संमेलनांना त्याला कुणी बोलावत नाही, हा भाग वेगळा.

"उतरवून घेणं म्हणजे वाचणं काय रे?" तो म्हणाला. "बायकोनं दळणाचा डबा भरून ठेवला म्हणजे भाकरी झाल्या?"

"वाचलं असणार की कुणीतरी."

"बरं. तुझ्या त्या फायलीत २१० आणि २११ ही पानं नाहीत."

"काय सांगता!"

"दोन पानं चिकटून गेली असणार, तुपानं. जासुदाच्या पागोट्यात काय सापडलं ते नेमकं तिथंच हाय. ते नसेल तर पुढचं काहीच कळत नाही. दोनशे जणांत तुला कुणी विचारलं काय, गणू, मधलं पान कुठाय म्हणून?"

गणूनं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "एकानं विचारलेलं."

"काय?"

"फाईल लहान करून मिळेल काय."

चहावाल्याच्या हातातली गाळणी पडली. दादासुद्धा हसले, आणि हसल्यावर त्यांना आठवलं की आपण रागावलोय.

आता सर. एव्हाना सरांनी तीनदा तर्जनी वर केली होती. सर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. प्रत्येक वाक्य ‘प्रश्न असा आहे की’ इथून सुरू होतं आणि प्रश्नापर्यंत पोचायच्या आत गेट पडतं. पुस्तकं विकत घ्यावीत असं ते दर रविवारी सांगतात. घेताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही. घरी काचेचं कपाट आहे, कपाटाला कुलूप, आणि किल्ली कुठाय हे काकूंनाही ठाऊक नाही. त्यांच्याकडून पुस्तक मागून आणलेला माणूस अजून बेळगावात जन्मायचाय. आपण दुसऱ्यांची नेतात मात्र. ही कादंबरीही नेली होती, रकान्यात सही आहे.

"प्रश्न असा आहे की, ज्या कादंबरीचा शेवट इतका उघड आहे, तिच्यात कुणी काही लिहिलं काय आणि न लिहिलं काय! मी महिनाभर सांगतोय, शेवट फसलाय. शिवाय मुळात जासुदाची गरज काय? बाबासाहेबानं रामदुर्गला सावत्र भावाला पत्र धाडलं, उठाव करू म्हणून. भावानं ते मॅन्सनला दाखवलं. गॅझेटियरमध्ये स्वच्छ आहे. पत्र फुटलं कसं यात रहस्यच नाही!"

"गॅझेटियर कुणी लिहिलं, सर?" अक्कांनी विचारलं.

"सरकारनं."

"मॅन्सनच्या सरकारनं. मेलेल्याच्या घरच्यांनीच पंचनामा केलाय."

सर म्हणाले, साधनं ती साधनं. यल्लाप्पा म्हणाला, साधनांचं राहू दे, माझे बांधणीचे पैसे राहिलेत. मग जे निघालं ते कादंबरीच्या पार पलीकडचं होतं. सरांनी म्हणे एकदा आपली गॅझेटियरं आणि जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे यल्लाप्पाकडं शिवायला टाकलेले. यल्लाप्पानं जुजबांधणी केली, पुठ्ठे चढवले, कापडी कणा लावला, आणि शेवटी कडा सारख्या करायला कटिंगला मारले. त्यात सरांची समासातली टिपणं कापली गेली.

"आयुष्यभराचा व्यासंग भुशात गेला!" सर म्हणाले.

"मी आधी विचारलेलं. तुम्ही म्हणालात, कडा गुळगुळीत पाहिजेत, कपाटात शोभल्या पाहिजेत."

"टिपणं ठेवून गुळगुळीत!"

"आणि व्यासंग कसला री? मी वाचूनच कापलंय. निम्म्या पानांवर ‘चूक’ आणि निम्म्यांवर ‘हे मी आधीच म्हटले होते.’"

हे ऐकताना अक्कांची एक भुवई वर गेली ती मी पाहिली. तेव्हा अर्थ लागला नाही.

सरांना झाकायचं असलं की ते माहिती सांगतात, आणि खरं सांगायचं तर माहिती त्यांची पक्की असते. म्हणाले, "तुम्ही सगळे दिवाण न् जासूद करत बसलाय, या प्रकरणातला खरा पोलीस कोण ते लेखकानं नीट वापरलाच नाही. फ्रँक साउटर! मॅन्सन मेला २९ मेच्या रात्री. बाबासाहेब किल्ला सोडून पळाले. हा साउटर मागावर गेला आणि तोरगलच्या रानात यात्रेकरूंच्या वेशातल्या बाबासाहेबांना पकडलं. हाच पुढं मुंबईचा पोलीस कमिशनर झाला, १८६४ मध्ये. आणि १८७४ मध्ये बडोद्याच्या इंग्रज रेसिडेंटला, त्या फेअरला, सरबतातून विष घातल्याचं निघालं ना? सोमल आणि हिऱ्याची पूड? त्याचा तपासही साउटरकडंच. मल्हारराव गायकवाडांची गादी त्यात गेली. आयोगावर तीन इंग्रज आणि तीन आपले होते. इंग्रज म्हणाले दोषी, आपले म्हणाले शाबीत नाही. तरी गेली!"

"म्हणजे एकच माणूस, दोन संस्थानिक," दादा म्हणाले.

"कादंबरी याची व्हायला हवी होती!"

मला हे आवडलं. कबूल करायचं नव्हतं, पण आवडलं. साउटर कादंबरीत दोनदाच घोड्यावरून जातो, तेही पाठमोरा.

"तारखा बघा की," यल्लाप्पा म्हणाला. "२९ मे ला मारलं. १२ जूनला बाबासाहेबाला फाशी, इथं, बेळगावात. चौदा दिवस. त्यात किल्ला पडला, पळापळ झाली, पकडलं, खटला झाला, सगळं. आणि आमच्या बांधाच्या केसला आजा गेला, बाप गेला, आता माझा बीपी वाढूलालाय."

"न्याय लवकर मिळत होता म्हण," गणू म्हणाला.

"फाशी लवकर मिळत होती. न्याय कुठं मिळाला ते अजून त्या पुस्तकात पण नाही."

मग तो सुरेबानचं सांगायला लागला, आणि तेव्हा मात्र गेटाजवळ थांबलेल्यांनीही इंजिनं बंद केली. पालखीत झोपलेला साहेब, रात्री येऊन पडलेले शेकडो लोक, कापलेलं मुंडकं, ते नरगुंदला वेशीवर टांगलं ते. पुस्तकात वाचलेलंच, पण यल्लाप्पाच्या तोंडून ऐकताना त्यात आजीचा आवाज येतो. त्याची आजी म्हणे जेवत नसलेल्या पोराला मॅन्सनची भीती घालायची. मेलेल्या साहेबाची! "आमच्याकडं बाबासाहेब म्हटलं की शेंबड्या पोराला ठाऊक. तुमच्याकडं बघतो तर नाव भावे, दफ्तर मोडी, घरात मराठी, आणि माणूस कुणाला माहीत नाही."

"सीमावादात कसा काय सुटला तो?" दादांनी विचारलं.

"कुणी मागितलाच नाही. तुम्ही गावं मागत बसलात, आम्ही पाट्या मागत बसलो."

सर म्हणाले, हे विधान सरसकट आहे. असेल. पण दर १२ जूनला आपण काय करतो, असं अक्कांनी विचारलं तेव्हा उत्तर गणूनं दिलं, "छत्र्या दुरुस्त करतो." इतकं सरळ दिलं की हसूही आलं नाही.

अक्कांचा राग वेगळाच होता. "तुम्ही सगळे मुंडक्याचं चघळता. किल्ला पडल्यावर त्याच्या आईनं आणि बायकोनं मलप्रभेत जीव दिला. तीनशे वीस पानांत त्या दोघींना किती? दीड पान. त्यातलं अर्धं नदीच्या वर्णनात!"

"नदीचं वर्णन पण चुकलंय," यल्लाप्पा म्हणाला. "दुथडी भरून म्हणे. जूनच्या तोंडाला रामदुर्गाकडं मलप्रभा गुडघाभर पण नसते. कणकुंबीला पाऊस लागल्यावर तिकडं पाणी."

"जीव द्यायला दुथडी कशाला लागते? एक डोह पुरतो."

यल्लाप्पानं मान हलवली. "खरंय, अक्का. डोह असतो."

दीड पानाचा मुद्दा मला पटलाय, आणि हे लेखकाला कुणीतरी कळवावं. या दोघी घरातून निघाल्या कशा, कुणाच्या भरवशावर, वाटेत कुणी ओळखलं की नाही, ही खरी रात्र होती. लेखक ती सोडून दिवाणखान्यात पुरावे मांडत बसलाय. रहस्यकथा लिहिणाऱ्यांना प्रेत लागतं, पण ते एकच लागतं. त्याच्यापुढची प्रेतं त्यांना जड होतात.

गेट पडलं. घंटा, लाल दिवा, आणि दोन्ही बाजूंनी दुचाक्यांची गर्दी. अशा वेळी आमच्या चर्चेला दहाबारा जण फुकट सभासद मिळतात. त्यात रेनकोट घातलेला, हेल्मेटची काच वर केलेला एकजण कट्ट्याला टेकूनच उभा राहिला. दादांच्या मांडीवरचं खाकी कव्हर उघडं होतं, पान १४७ वरच. त्यानं वाकून वाचलं.

"दिवाण नाही ओ तो," तो म्हणाला. "मला पण आधी दिवाणच वाटलेला."

मी, अक्का आणि यल्लाप्पा, तिघांनी एकदम श्वास सोडला. हेच तर तोंडात धरून बसलो होतो आम्ही सकाळपासून. दिवाण नाही म्हणावं तर निम्मा उलगडा आपणच केल्यासारखा, गप्प बसावं तर दादांचे हाल बघवत नव्हते.

पण आमच्या आधी ओरडले ते सर. "काय? दिवाण नाही?"

गाडी अजून आली नव्हती, त्यामुळं हे सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं.

यल्लाप्पा फार हळू वळला. "सर," तो म्हणाला, "शेवट फसलाय म्हणत होता न्हवं तुम्ही?"

"म्हणजे... फसलाच आहे."

"महिनाभर म्हणूलालाय."

"प्रश्न असा आहे की..."

"प्रश्न राहू दे. जो शेवटपर्यंत वाचेल त्याला दिवाण नाही हे ठाऊक. म्हणजे ज्यानं हे लिहिलं त्यानं १४७ च्या पुढं वाचलेलं नाही. गणूनं मुळातच वाचलेलं नाही, तो सुटला."

"थँक्यू, मामा," गणू म्हणाला.

"आणि समासात पेन्सिलीनं लिहून खाली दोन रेघा. दोन! एक रेघ मारणारे गावात बरेच हायत. दोन रेघांची टिपणं मी एकाचीच कापलीत आजवर."

गाडी आली. अख्खी गाडी जाईपर्यंत सर काहीतरी बोलत होते, तर्जनी वर होती, आणि एक अक्षर ऐकू आलं नाही. इतिहासाच्या प्राध्यापकाला रेल्वेनं एवढी मदत कधी केली नसेल. शेवटचा डबा गेल्यावर जे वाक्य हाती लागलं ते असं: "...आणि उपलब्ध पुराव्यावरून निष्कर्ष निघत असेल तर पुढची पानं वाचण्याची आवश्यकताच काय? दिवाणच असायला हवा होता. नसेल तर ती लेखकाची चूक!"

अक्का इतक्या हसल्या की शेवग्याच्या शेंगा पिशवीतून रस्त्यावर. दादांचं मात्र लक्षच नव्हतं. त्यांचा चेहरा असा काही उजळला होता, की बुडीत खात्यातली रक्कम व्याजासकट परत मिळालीय. दिवाण नाही! म्हणजे एकशे त्र्याहत्तर पानं शाबूत! त्यांनी सरांना माफ केलं की नाही माहीत नाही, पण शेऱ्याच्या रकान्यात सरांच्या नावापुढं काहीतरी लिहिलं आणि खाली त्यांनीही दोन रेघा मारल्या.

"मी पुढं वाचावं म्हणतो," सर म्हणाले. "एकदा नेतो."

"आता नंबर लागेल, सर. तुमच्या आधी सतरा जण."

"मी तुमच्यापेक्षा ज्येष्ठ आहे, बंडोपंत!"

"मग कपाटाची किल्ली द्या. तुमचं एक, माझं एक."

सर छत्री उघडून उभे राहिले. पाऊस थांबला होता.

गणूला एवढ्यात वेगळंच सुचलं होतं. तो हेल्मेटवाल्याकडं वळला. "अण्णा, तुम्ही कुठलं वाचलंत? पुस्तक का फोनवरचं?"

"फोनवर आलेलं."

"बघा!" गणू उडालाच. "बघा, यल्लाप्पामामा! माझं वाचून शेवटाला गेला की नाही माणूस?"

"आणि २११?" यल्लाप्पानं विचारलं.

"ते नव्हतंच ओ त्यात," तो माणूस म्हणाला. "मग दुकानात गेलो, उभ्यानं तेवढं वाचलं, आणि ठेवलं परत."

दादांनी कपाळाला हात लावला. अक्का म्हणाल्या, याला कायद्यात कलम नसणार. गेट उघडलं, मागून हॉर्न सुरू झाले, काच खाली करून तो निघून गेला. नाव नाही, गाव नाही. आमच्या चाळीस जणांच्या यादीत नसलेला आणि पुस्तक पुरं केलेला वाचक.

दादा तिथंच, ओल्या कट्ट्यावर, १४८ उघडून बसले. अर्धं पान झालं असेल.

"दादा," गणू कानाशी जाऊन म्हणाला, "खरा खुनी कोण ते सांगू काय?"

"तुला कुठं ठाऊक? तू वाचलंस कुठं?"

"गाडीचा नंबर टिपलाय मी त्याच्या. केए चोवीस. आज ना उद्या गाठतो."

"केए चोवीस?" यल्लाप्पा म्हणाला. "बैलहोंगलचा पासिंग. आमच्याकडलाच की रे. त्याला गाठू नकोस, तो तुला दिवाणच सांगेल."